शुभ्र अस्वल आणि सह्याद्रीचें अस्वल

सातारा जिल्ह्यांतील पाटण किंवा सांगलीकडील शिराळा तालुक्यांत अस्वलाचें नांव काढलें कीं काळें, झिपरें, वारुळें उकरणारें जनावर डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याच कुळांतील एक शुभ्र शाखा उत्तर ध्रुवाभोंवतालच्या गोठलेल्या समुद्रावर नांदत आहे. या दोन सोयऱ्यांची तुलना केली असतां देशपरत्वें देहाची घडण कशी बदलते, तें उत्तम कळतें.

ध्रुवीय अस्वलाची कातडी वस्तुतः काळी असते. केस पारदर्शक व पोकळ असून त्यांत प्रकाश विखुरल्यामुळें तें आपणांस पांढरें भासतें. सील हें त्याचें मुख्य अन्न. सील श्वास घेण्यास बर्फांतील ज्या छिद्रापाशीं वर येतो, तेथें तें तासन्‌तास निश्चल बसून राहतें. सर्व हिवाळा तें झोपून काढतें, ही समजूत खरी नव्हे. बर्फाच्या बिळांत दीर्घकाळ राहते ती गाभण मादी. तेथें सुमारें अर्ध्या किलोचीं पिलें जन्मतात आणि आईच्या स्निग्ध दुधावर वाढून वसंतांत १० किलोंच्या आसपास होऊन बाहेर येतात.

आपल्या अस्वलास अन्न बारमाही मिळतें. म्हणून त्यास हिवाळी झोप नाहीं. त्याच्या वरच्या जबड्यांत मधले दोन दांत नसतात. नाकपुड्या मिटून तें त्या फटींतून वाळवी ओढून घेतें. पिलें आईच्या पाठीवर बसून रानांत हिंडतात.

जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादींत दोघांचीही नोंद ‘असुरक्षित’ अशीच आहे. १९७३ सालीं पांच राष्ट्रांनीं करार करून ध्रुवीय अस्वलाच्या शिकारीस आळा घातला. परंतु पृथ्वी तापून समुद्रावरील बर्फच वितळूं लागला, तर सील धरावा कोठें? इकडे कोयना अभयारण्य १९८५ सालीं झालें, चांदोलीस २००४ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० सालीं दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तरीही उन्हाळ्यांतील एक वणवा करवंदीच्या जाळ्या भस्म करतो, आणि भुकेलें अस्वल शिवाराकडे वळतें.

अस्वल एकाएकीं समोर आलेल्या माणसावरच बहुधा धांवतें. यास्तव रानांत जाणाऱ्यांनीं पहाटे एकटें न जातां, चारचौघांनीं बोलत जावें. ध्रुवावरील बर्फ राखणें एका गांवाच्या हातीं नाहीं. आपल्या डोंगरावरील वणवा रोखणें मात्र खचित आहे.