गट नंबर १२ की २१००? इंडेक्स ठरतो अंदाजावर

ऑनलाइन सातबारा काढताना आपण जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकतो. समजा, राज्यातले सगळे सातबारे एकाच तक्त्यात आहेत. त्यावर गावाचा एक इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, आहे, गट नंबराचा दुसरा. दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीचा गट नंबर १२ हवा असेल, तर आधी कोणता उघडावा? आकडा नेमका, म्हणून गटाचा, असं चटकन वाटतं. पण महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत आणि १२ नंबरचा गट त्यांतल्या बहुतेकांत सापडेल. गावाचा इंडेक्स फक्त कुंभारीच्या नोंदी पुढे ठेवतो, तोच स्वस्त. आता २१०० नंबर मागा. एवढे गट मोजक्याच गावांत, त्यामुळे गटाचा इंडेक्स सरस ठरतो. (कुंभारीत तेवढे गट आहेत का, हे प्लॅनरला, म्हणजे डेटाबेसमधल्या वाट निवडणाऱ्या भागाला, ठाऊक नसतं, त्यावाचून त्याचं अडतही नाही.)

थोडक्यात, अमुक इंडेक्स चांगला असं मुळात नसतंच. किती नोंदी हाती येतील, या अंदाजावर सगळं ठरतं. १९७९मध्ये आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी हाच हिशेब मांडला: प्रत्येक वाटेचा खर्च आधी काढायचा आणि स्वस्त ती धरायची. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळीने वाचलेल्या पानाचा खर्च १, मधूनच उचललेल्या पानाचा ४ धरलेला असतो. म्हणूनच पुष्कळ नोंदी लागणार असतील, तर तो इंडेक्स बाजूला सारून अख्खा तक्ता वाचून काढतो. अंदाजासाठी एरवी तीस हजार ओळींचा नमुना घेतला जातो. कोट्यवधी नोंदींसाठी तो तुटपुंजा, असा आक्षेप येतो. पण प्लॅनरला शंभर की लाख एवढंच कळायला हवं. तेवढ्यासाठी सगळं मोजत बसलं, तर प्रश्नापेक्षा मोजणीच महाग पडेल. खरी खोट वेगळीच आहे. ‘गाव कुंभारी’ आणि ‘तालुका दक्षिण सोलापूर’ या अटी प्लॅनर एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या गुणतो. तालुके साडेतीनशेच्या वर. त्यामुळे अंदाज तितक्या पटीने आक्रसतो, प्रत्यक्षात मात्र गाव सांगितल्यावर तालुक्याने फारसं काही घटत नाही. कोपरगावासारख्या आणखी काही तालुक्यांतही कुंभारी आहे, तेवढाच काय तो फरक. स्तंभांमधलं असं नातं नोंदवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आली.

मग इंडेक्स माणसानेच का ठरवून देऊ नये? ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तशी सूचना देता येते. पण १२साठी लिहिलेली सूचना २१००लाही लागू होते. गाव आणि गट मिळून एकच जोड-इंडेक्स करावा, हा आक्षेप अधिक वजनदार. या प्रश्नापुरता मीही तोच करीन. पण लोक आडनावानेही शोधतात, खाते क्रमांकानेही. प्रत्येक जोडीला वेगळा इंडेक्स केला, तर एक फेरफार मंजूर होताच नवी नोंद त्या सगळ्यांत चढवावी लागते. म्हणून थोडेच इंडेक्स ठेवायचे आणि निवड प्लॅनरवर सोपवायची.