परसातल्या वाफ्याची कड

आम्ही मैंदर्गीत परसातल्या वाफ्यांना काँक्रीटची कड घातली. आता पावसात माती वाहून जात नाही. काळी माती भिजली की फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसती कड ओतली तर ती तडकते. म्हणून आधी वीतभर खोल चर खणावा. त्यात चार बोटे मुरूम टाकून चांगला चोपावा. दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या कराव्यात. १ घमेले सिमेंट, २ घमेली वाळू आणि ४ घमेली बारीक खडी आधी कोरडीच कालवावी. मग बेताने पाणी घालावे. पातळ माल ओतायला सोपा, पण कच्चा राहतो, बरं का! दर दोन हातांवर सांधा सोडावा. दुसऱ्या दिवशी फळ्या काढाव्यात. नंतर ७ दिवस कड ओली ठेवावी. पाण्याची टंचाई असेल तर वर ओले गोणपाट टाकावे. मग थोडेच पाणी पुरते.