एक साचा, वीस संगणक

कवठे महांकाळच्या शिवारात एका झाडाची हुबेहूब दुसरी झाडे कशी करायची, हे कुणाला शिकवावे लागत नाही. डॉगरीजच्या खुंटावर कलम भरले की हवी तीच द्राक्षवेल येते. शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आरवे यांनी थॉमसन सीडलेसमधली एक वेगळी वेल हेरली आणि काड्या लावलावूनच 'तास-ए-गणेश' जिल्ह्याबाहेर पोचली. गावातल्या संगणक वर्गाला मात्र हे काम तितके सोपे जात नाही. एमएस-सीआयटीची किंवा जीसीसी-टीबीसीच्या टायपिंगची बॅच तोंडावर असते. वीसेक संगणकांवर विंडोज, ऑफिस, मराठी कळफलक, प्रिंटरचे ड्रायव्हर असे सारे एकसारखे हवे असते. प्रत्येक संगणकापुढे बसून 'विंडोज मारायचे' म्हटले तर त्यातच दिवस जातात. म्हणून एक संगणक साचा म्हणून मनासारखा तयार करायचा, त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची.

जुने तंत्रज्ञ याला अजूनही 'घोस्ट मारणे' म्हणतात. ते नाव आले न्यूझीलंडहून. ऑकलंडच्या मरे हझार्ड यांनी १९९५-९६च्या सुमारास 'घोस्ट' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि १९९८ मध्ये सिमॅन्टेकने तो विकत घेतला. पुढे तो 'नॉर्टन घोस्ट' म्हणून घराघरांत पोचला आणि भारतातल्या दुरुस्तीच्या दुकानांत त्याच्या नावाचे क्रियापदच होऊन बसले.

आज बहुतेकांच्या पेनड्राइव्हवर असते ते 'क्लोनझिला'. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात स्टीव्हन शियाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभे केले. ते फुकट आहे आणि मुक्त आहे. डिस्कवर जेवढा भाग वापरलेला असतो तेवढाच ते उचलते, त्यामुळे पाचशे जीबीच्या डिस्कवर चाळीस जीबीचाच ऐवज असेल तर तेवढ्याचीच ने-आण होते. त्याची सर्व्हर आवृत्ती एकच इमेज नेटवर्कवरून सर्व संगणकांना एकाच वेळी पाठवते. ५.६ जीबीची इमेज ४१ संगणकांवर सुमारे १० मिनिटांत उतरवल्याचे उदाहरण तिचे कर्ते देतात.

पण इमेज काढण्याआधी एक पायरी असते आणि गाडी अडते ती तिथेच.

या पायरीचे नाव सिसप्रेप. मायक्रोसॉफ्टचा हा छोटा प्रोग्राम प्रत्येक विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. त्यातल्या 'जनरलाइज' या चौकटीत खूण केली की तो त्या संगणकाची खासगी ओळख, म्हणजे त्याचा सुरक्षा क्रमांक, यंत्रभागांची नोंद वगैरे काढून टाकतो. मग ही विंडोज दुसऱ्या संगणकावर गेली की पहिल्यांदाच सुरू झाल्यासारखी वागते. निदान तशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकदा पडद्यावर एकच ओळ उमटते: सिसप्रेपला तुमच्या विंडोजची खातरजमा करता आली नाही, लॉग पाहा.

इथे बहुतेक जण पुन्हा बटण दाबतात. मग संगणक बंद-चालू करतात. मग वैतागून नव्याने विंडोज मारायला घेतात. लॉग वाचणारा विरळाच, आणि उत्तर तर तिथेच लिहिलेले असते. सिस्टीम-३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरात 'पॅन्थर' नावाचा फोल्डर आहे, त्यातली 'सेटअपअ‍ॅक्ट' ही फाइल उघडायची आणि शेवटाकडून वर वाचत यायचे. बहुधा असा मजकूर सापडतो: अमुक पॅकेज एका वापरकर्त्यासाठी बसवले आहे, सगळ्यांसाठी नाही, इमेजमध्ये ते नीट चालणार नाही.

कारण समजले की उपाय लांब राहत नाही. विंडोज ८ पासून स्टोअरमधली अ‍ॅप्स दोन तऱ्हांनी बसतात: संपूर्ण संगणकासाठी किंवा एका खात्यापुरती. साचा तयार होत असताना संगणकाला इंटरनेट जोडलेले असेल तर स्टोअर गुपचूप अ‍ॅप्स अद्ययावत करते आणि ती नवी आवृत्ती त्या एका खात्याच्या नावावर चढते. भाषेची पॅकेजेही त्याच वाटेने येतात. विंडोजचे मेनू मराठीत दिसावेत म्हणून हौसेने स्टोअरवरून घेतलेले पॅकेजसुद्धा सिसप्रेपला आडवे येऊ शकते. लॉगमध्ये नाव दिसले ते पॅकेज पॉवरशेलमधून, प्रशासकाच्या हक्काने, काढायचे आणि सिसप्रेप पुन्हा चालवायचे. एक काढले की दुसरे नाव पुढे येते. चार-पाच वेळा हेच करावे लागले तरी नवल नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच नेटची केबल काढून ठेवणे शहाणपणाचे. विंडोज पहिल्यांदा सुरू होताच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-३ एकदम दाबून 'ऑडिट मोड'मध्ये शिरावे आणि साचा तिथेच तयार करावा.

दुसरी अडचण बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवी विंडोज बसवली की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ लागली. मालकाला पत्ताही नसतो. सिसप्रेप मात्र तिथे स्पष्ट सांगतो, आधी बिटलॉकर बंद करा. क्लोनझिलाचे रुसणे निराळे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पुरती बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा डिस्कला क्लोनझिला हात लावत नाही. हायबरनेशन बंद करून, डिस्क तपासून, नीट शटडाउन केले की ते कामाला लागते. विंडोज ७ च्या काळात याहून चमत्कारिक अडथळा होता: एकाच साच्यावर सिसप्रेपला विंडोजच्या सक्रियतेची मुदत फक्त तीनदा नव्याने सुरू करता येई, मग तो हात टेकायचा. आता ती मर्यादा १,००१ वर गेली आहे, म्हणजे नसल्यातच जमा.

एवढा व्याप कशाला, सिसप्रेप वगळूनच इमेज मारू, असे म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांच्या बाजूने मोठा साक्षीदारही होता. मायक्रोसॉफ्टचेच मार्क रुसिनोविच यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये लिहिले की दोन संगणकांचा सुरक्षा क्रमांक सारखा असला तरी बिघडत नाही, बिघडते हा केवळ एक समज आहे. तो क्रमांक बदलणारा 'न्यूसिड' हा स्वतःचा प्रोग्रामही त्यांनी मागे घेतला. गंमत म्हणजे सिसप्रेप कशासाठी हवा हेही त्यांनी त्याच लेखात सांगितले होते. लोकांनी सोयीचे तेवढे लक्षात ठेवले.

ऑगस्ट २०२५ अखेरच्या विंडोज अपडेट्सनी त्या विसराळूपणाचा हिशेब मांडला. विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ आता हा क्रमांक तपासतात. दोन संगणकांचा क्रमांक एकच निघाला की त्यांच्यातली ओळख पटवणी फसते. सामायिक फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही, पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. वर्ग नव्या विंडोजवर जाऊ लागले ते नेमके याच दिवसांत. सिसप्रेप न चालवता उतरवलेली इमेज एकट्या संगणकावर सुरळीत चालते. विद्यार्थी टायपिंग करतात, कुणाची तक्रार नसते. वीसही जण एका फोल्डरात फाइली ठेवू लागले की मग पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि तंत्रज्ञ केबल तपासत बसतो. मायक्रोसॉफ्टने यावर कायमचा उपाय एकच दिला आहे: असे सगळे संगणक मान्य पद्धतीने, म्हणजे सिसप्रेप करूनच, नव्याने बसवा.