ससाणा बरा झाला म्हणजे काय?

मार्च-एप्रिलचे दिवस. सकाळी गच्चीवर वाळवण घालायला गेलेल्या बाईंना पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक पक्षी बसलेला दिसतो. आकार साधारण कावळ्याएवढा, पाठ गडद तपकिरी, पोटावर उभ्या रेघा, डोळे मोठे आणि काळेभोर. एक पंख खाली लोंबतो आहे. जवळ जावे तर तो चोच उघडून फिस्कारतो, पंजे पुढे करतो. घरातली मुले धावत येतात. कोणी वाटीत दूध आणते, कोणी पाव कुस्करते, कोणाला माळ्यावरचा पोपटाचा जुना पिंजरा आठवतो. सगळ्यांच्या मनात भलेच असते. पण या तिन्ही गोष्टी त्या पक्ष्याच्या जिवावर उठणाऱ्या आहेत.

हा पक्षी म्हणजे शाहीन ससाण्याचे पिल्लू. बहिरी ससाणा हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे पाहुणा येतो. शाहीन हा त्याचाच इथला भाऊबंद, बारमाही आपल्याकडे राहणारा. सह्याद्रीचे उभे कडे हे त्याचे घर. काड्यांचे घरटे तो बांधत नाही, कड्यातल्या एखाद्या कपारीतच मादी तीन-चार अंडी घालते. अलीकडे उंच इमारतींवरही ही जात दिसते. उंचावरून सावजावर सूर मारताना या ससाण्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. पक्ष्यांमध्येच काय, साऱ्या प्राणिसृष्टीत याहून वेगवान कोणी नाही. अशा पक्ष्याला ‘बरे करणे’ म्हणजे नेमके काय करणे, हेच आज आपल्याला पाहायचे आहे.

पहिला प्रश्न, तो खरोखर जखमी आहे का? पिल्लू साधारण सहा आठवड्यांचे झाले की कपार सोडते. पहिली उड्डाणे अर्थातच कच्ची असतात. कधी ते चुकीच्या जागी उतरते आणि तासन्‌तास तिथेच बसून राहते. आईबाप वर घिरट्या घालत असतात, त्याला खाणे आणून देतात. असे धडधाकट पिल्लू उचलून आणले तर ती सुटका नव्हे, अपहरणच. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूतही खरी नाही. जाणकारांच्या मदतीने पिल्लू पुन्हा उंच, सुरक्षित जागी ठेवले तर आईबाप त्याला सांभाळतात. मात्र पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल, पिल्लू एका कुशीवर पडले असेल किंवा अंगाला मांजा गुंडाळलेला असेल, तर मदत हवीच.

ती कशी करायची? एक पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याला हवेसाठी भोके पाडावीत, तळाशी जुने सुती कापड अंथरावे. पक्ष्यावर जाडसर टॉवेल टाकून, पंख अंगासरशी धरून त्याला अलगद आत ठेवावे. सांभाळायचे ते चोचीला नव्हे, पंजांना. खोके बंद करून शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. अंधारात ससाणा शांत होतो, हा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. बाजदार आपल्या पक्ष्याला डोळे झाकणारी टोपी घालत, ती याचसाठी. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूध त्याला पचत नाही. तारेच्या पिंजऱ्यात तो धडपडतो आणि उरलेली चांगली पिसेही मोडून घेतो. उपाशी पक्ष्याला घाईने मांस भरवले तर तेही अंगाशी येते. आधी शरीरातले पाणी भरून काढायचे आणि मगच थोडे थोडे खाणे, हे डॉक्टरांचे काम आहे.

मग वनविभागाला कळवायचे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक सुरू करण्यात आला. हा ससाणा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. असा प्राणी आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘बरा होईपर्यंत घरीच ठेवू’ हा विचार प्रेमळ असला, तरी कायद्यात बसत नाही आणि पक्ष्याच्याही हिताचा नाही. त्यासाठी वेगळी केंद्रे असतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाने असे उपचार केंद्र उभारले आहे, आणि अन्यत्रही वनविभागाच्या परवानगीने काही संस्था हे काम करतात.

केंद्रात आल्यावर पक्ष्याची तपासणी होते. एक्स-रे काढतात, पण त्याबरोबर डोळ्यांच्या आतही पाहतात. काचेवर किंवा तारेवर आदळलेल्या पक्ष्याच्या डोळ्यात आतून रक्तस्राव झालेला असू शकतो, बाहेरून तो कळत नाही. उडत्या पाखराला हवेतच गाठणाऱ्या ससाण्याची दृष्टी अधू झाली, तर पंख कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

पक्ष्यांची हाडे पातळ आणि बरीचशी पोकळ. दंडाच्या हाडाची पोकळी तर थेट श्वासाच्या हवेच्या पिशव्यांशी जोडलेली असते. ती मोडतात लवकर, जुळतातही लवकर. नीट बसवलेले हाड साधारण तीन आठवड्यांत धरू लागते. काही ठिकाणी नुसती इंग्रजी आठच्या आकाराची पट्टी पुरते, काही ठिकाणी हाडात बारीक सळई घालून बाहेरून आधार द्यावा लागतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले शिकारी पक्ष्यांचे केंद्र १९७४ पासून हे काम करते. सळई आणि बाहेरचा आधार एकत्र जोडण्याची तिथे विकसित झालेली पद्धत आज जगभर वापरली जाते.

पण हाड जुळले म्हणजे पंख बरा झाला असे नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पातळ पडदा असतो. पंख उघडला की तो ताणला जातो. बरेच दिवस पट्टी राहिली तर हा पडदा आखडतो, सांधा धरतो, आणि पंख पुन्हा कधीच पुरता उघडत नाही. म्हणून दर काही दिवसांनी पक्ष्याला थोडी भूल देऊन पंख हलक्या हाताने उघडमीट करावा लागतो. मांज्याने कापला जातो तो बहुधा हाच पडदा. जखम बोटभर दिसते, पण तिच्यावर पक्ष्याचे सारे आयुष्य अवलंबून असते.

खाण्याचेही तसेच. नुसते मऊ मांस भरवले तर वाढत्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, हाडे वाकतात. त्याला हाडांसकट, पिसांसकट आख्खे भक्ष्य लागते. न पचलेली पिसे आणि हाडांचे तुकडे यांची गोळी करून तो ती तोंडावाटे बाहेर टाकतो. अशी गोळी नियमित पडणे हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. शाहीनचे आवडते खाद्य कबुतर, पण केंद्रात ते देताना फार जपावे लागते. कबुतरांच्या घशात एक सूक्ष्म परजीवी असतो. त्याची लागण झाली की ससाण्याच्या तोंडात पिवळट चट्टे उठतात आणि गिळणेच बंद होते. बसायच्या जागेकडेही लक्ष हवे. कठीण, सपाट जागी सतत बसून तळपायाला घट्टे पडतात, ते पिकतात. म्हणून बैठकीला काथ्या किंवा कृत्रिम हिरवळ गुंडाळतात.

आता पिसांची गोष्ट ऐका. ससाण्याच्या प्रत्येक पंखात टोकाची दहा मोठी पिसे आणि शेपटीत बारा. यातली दोन-चार मोडली तरी वेगाचा तोल बिघडतो. उपटलेल्या पिसाच्या जागी नवे येऊ शकते, पण मोडलेल्या पिसाचा बुंधा जागेवरच राहतो आणि पुढचा पिसारा बदलेपर्यंत, म्हणजे कधी वर्षभरही, तसेच थांबावे लागते. म्हणून केंद्रात शेपटीला जाड कागदाचे किंवा जुन्या एक्स-रे फिल्मचे आवरण घालतात. एवढे करूनही पीस मोडलेच, तर ते सांधता येते! त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याचे त्याच बाजूचे, त्याच क्रमांकाचे पीस घ्यायचे, दोन्हींच्या पोकळ दांड्यात बांबूची बारीक काडी बसवायची आणि डिंकासारख्या पदार्थाने चिकटवायचे. पक्षी त्या उसन्या पिसावर उडतो, आणि पुढे ते आपसूक गळून नवे येते.

ही युक्ती बाजदारांची. शिकारी पक्षी बाळगण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. कल्याणच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ससाण्याच्या शिकारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. कुमाऊंच्या रुद्रदेव राजाच्या ‘श्यैनिकशास्त्रा’त आजारी पक्ष्यांवरचे उपचारही आहेत. तो षोक आज कायद्याने बंद झाला, ते योग्यच झाले. पण त्यातले ज्ञान आता पक्ष्यांना सोडवण्याच्या कामी येते.

यापुढचा भाग मात्र सर्वांत अवघड, आणि तो औषधांचा नाही. पिल्लू ज्याच्या हातून खाते त्याला आपले मानू लागते. फार लहान वयात एकटे, माणसांतच वाढले तर ते स्वतःला माणसांतलेच समजते. भूक लागली की माणसाकडे पाहून ओरडते, माणसाच्या अंगावर उतरते. असा पक्षी रानात सोडला तर तो वस्तीकडेच येणार आणि कोणाच्या तरी काठीने किंवा पिंजऱ्यात संपणार. म्हणून केंद्रात त्याला नाव ठेवून हाका मारत नाहीत, गोंजारत नाहीत, त्याच्यासमोर गप्पा मारत नाहीत, पाहुण्यांना दाखवत नाहीत. खाणे आडून सरकवतात. जमल्यास त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्यासोबत ठेवतात. दोन महिने ज्याची सेवा केली, त्याने आपल्याला पाहताच फिस्कारावे, भिंतीकडे पळावे, हीच इथली शाबासकी!

मग येते तालीम. आधी मोठ्या दालनात, जिथे जाळीऐवजी उभ्या पट्ट्यांच्या भिंती असतात. पुढे मोकळ्या मैदानात, पायाला लांब हलकी दोरी बांधून. पहिल्या दिवशी पक्षी पाचपन्नास मीटर उडून धापा टाकतो. रोज वजन, रोज उड्डाण. दोन्ही पंखांची फडफड सारखी आहे ना, वळताना एका बाजूला झुकत नाही ना, उतरल्यावर श्वास किती वेळात शांत होतो, हे सगळे पाहतात. कबुतर किंवा बगळा नव्वद टक्के बरा झाला तर जगेल. ससाण्याला नव्वद टक्के चालत नाही. त्याचे पोट सुरावर आहे, आणि सूर अर्धवट जमला की तो उपाशी.

शिवाय पिल्लाची आणखी एक अडचण. घरटे सोडल्यावरही पाच-सहा आठवडे आईबाप त्याला पोसतात आणि शिकवतात. मेलेले पाखरू पंजात धरून ते पिल्लापुढे उडतात, हवेतच सोडतात आणि पिल्लू ते झेलायला शिकते. ही शाळा माणूस कुठून आणणार? त्यावरही बाजदारांनीच वाट दाखवली. उंच कड्यावर किंवा मनोऱ्यावर एक पेटी ठेवतात, पिल्लाला तिच्यातून काही दिवस परिसर पाहू देतात आणि मग दार उघडतात. पक्षी मोकळा होतो, पण माणूस दिसणार नाही अशा रीतीने पेटीत खाणे ठेवणे चालूच राहते. तो येतो, खातो, उडतो, पाखरांचा पाठलाग करतो, चुकतो, पुन्हा येतो. एक दिवस खाणे तसेच पडून राहते. त्याचा अर्थ, त्याने स्वतः शिकार केली.

या पद्धतीने काय होऊ शकते ते अमेरिकेने पाहिले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन तिथला बहिरी ससाणा पूर्वेकडच्या राज्यांतून नाहीसाच झाला होता. १९७० मध्ये टॉम केड या पक्षिशास्त्रज्ञाने, जो स्वतः बाजदार होता, पेरेग्रीन फंड ही संस्था सुरू केली. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. पेट्यांमधून चार हजारांहून अधिक ससाणे मोकळे केले गेले आणि १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला.

आपल्या गच्चीवरच्या पिल्लाचे काय होईल? खरे सांगायचे तर निसर्गातही या जातीची निम्म्याहून अधिक पिल्ले पहिले वर्ष पार करत नाहीत. केंद्रात आलेल्यांपैकी काही दगावतात, काही उडूच शकत नाहीत. ज्याचा पंख कायमचा गेला, त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचे की वेदनारहित मरण द्यायचे, हा निर्णय डॉक्टर आणि वनाधिकारी यांना घ्यावा लागतो, आणि तो कोणालाच सोपा जात नाही. जो सर्व परीक्षांत उतरतो, त्याला शांत, निरभ्र सकाळी, शक्यतो जिथे सापडला त्याच परिसरात सोडतात.

मात्र एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे. संक्रांतीला उडवलेल्या पतंगांचा मांजा झाडांवर, तारांवर महिनोन्‌महिने लोंबत राहतो. नायलॉन कुजत नाही. जानेवारीचा तो दोरा एप्रिलमध्ये पहिल्यांदा उडणाऱ्या पिल्लाची वाट अडवून उभा असतो. दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे भाऊ वर्षानुवर्षे मांज्याने कापलेल्या घारींवर उपचार करत आले आहेत; २०२२ मध्ये आलेल्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटामुळे त्यांचे काम जगाला कळले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो विकला जातो, कारण घेणारे आपणच आहोत.

तेव्हा संक्रांत संपल्यावर मुलांना घेऊन गच्चीवर जा, आवारात फिरा, हाताला येईल तेवढा मांजा गुंडाळून, कापून कचऱ्यात टाका. ज्या मुलांनी वाटीत दूध आणले असते, त्यांना त्या पिल्लासाठी खरोखर काही करायचे असेल, तर ते हेच. ससाण्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. तो कड्यावरून उडेल आणि आपल्याकडे पाहणारही नाही. तो बरा आहे, हे आपण त्यावरूनच ओळखायचे.