वसतिगृहाची हवा

मुंबई-पुण्याची रुग्णालयं भरत चालली होती तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात कोरोनाचा एकही रुग्ण नव्हता. 14,412 चौरस किलोमीटरचा, तीन चतुर्थांश जंगलाने व्यापलेला हा जिल्हा मे 2020 च्या मध्यापर्यंत कोरा राहिला. मग बाहेरगावाहून परतणाऱ्यांबरोबर विषाणू आला. वर्षभरानंतर, एप्रिल 2021 मध्ये, शेजारच्या चंद्रपुरात खाट मिळणंही मुश्कील झालं.

या दोन जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये नागपूर विद्यापीठापासून वेगळं झालेलं गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या महाविद्यालयांनाही राज्याच्या आदेशांमागे धावावं लागलं. 15 फेब्रुवारी 2021 पासून निम्मी उपस्थिती, लगेच लाट आणि टाळं. 20 ऑक्टोबर 2021 पासून दोन डोस घेतलेल्यांना प्रवेश, जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉन आणि पुन्हा टाळं.

टाळं लावणं सोपं असतं. पण इथे महाविद्यालय बंद म्हणजे वसतिगृह रिकामं, आणि वसतिगृह रिकामं म्हणजे पोरं एसटीने भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडे रवाना. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे 200 किलोमीटर. लक्षणं नसलेला एखादा बाधित विद्यार्थी त्या बसमध्ये असेल, तर जिथे डॉक्टर सर्वांत दूर तिथेच आजार पोहोचतो. अमेरिकेत हाच धोका दिसला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल आवारात 10 ऑगस्ट 2020 ला वर्ग भरले आणि आठवड्याभरात पदवीचे वर्ग ऑनलाइन न्यावे लागले. विद्यार्थी घरोघर पांगू लागले, तेव्हा साथरोगतज्ज्ञ अँथनी फाउची यांनी विद्यापीठांना बजावलं, की बाधितांना घरी पाठवू नका, आवारातच वेगळं ठेवा.

चॅपल हिलमध्ये रुग्णांचे झुबके सापडले ते मुख्यतः विद्यार्थी राहत होते तिथे. यात नवल नाही. वर्गात मुलं तोंडाला मास्क लावून पाऊणएक तास बसत, खोलीत मात्र रात्रभर उघड्या तोंडाने झोपत, मेसमध्ये समोरासमोर जेवत. आपल्याकडे मात्र सारा जोर फाटकावरच्या तापमापक बंदुकीवर आणि बाकांवरच्या फवाऱ्यावर होता. लक्षणं नसलेल्याला ती बंदूक पकडत नाही, आणि हा विषाणू बाकांपेक्षा हवेतून कितीतरी जास्त पसरतो.

हवा मोजता येते, तीही स्वस्तात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 420 असतो, आपण सोडलेल्या श्वासात सुमारे 40,000. बंद खोलीतल्या मीटरवर 2,400 दिसले, तर समजावं की आत घेतलेल्या हवेचा साधारण विसावा हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा सुचवली आहे. तेवढी मिळाली तर आकडा 900-950 च्या आसपास थांबतो.

इथे विदर्भाच्या कामी विदर्भाचीच वस्तू येते. चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे गेला की घरोघर ओल्या ताट्यांचे कूलर घरघरू लागतात. भिंतीतला एसी खोलीतलीच हवा फिरवतो, तर खिडकीबाहेर बसवलेला कूलर सतत बाहेरची हवा आत ढकलतो. समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवली, की जुनी हवा निघून जाते. साथीच्या दृष्टीने हा गरिबाचा कूलर एसीपेक्षा सरस ठरतो. अडचण होते ती थंडीत आणि पावसात, दारं-खिडक्या गच्च लावल्यावर. तेव्हा झरोका आणि एक्झॉस्ट पंखाच कामाला येतो.

पावसाळ्यात आणखी एक गुंता असतो. गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक हिवतापाच्या जिल्ह्यांपैकी एक. जुलैनंतर वसतिगृहात कुणाला ताप आला, तर तो कोरोना की मलेरिया हे कपाळाला हात लावून कळत नाही. दोन्ही चाचण्या एकाच वेळी हव्यात. दोन्ही किट बोटाएवढे आणि दोन्हींचा निकाल अर्ध्या तासात. खरा अडथळा आहे तो भीतीचा. विलगीकरण म्हणजे शिक्षा वाटली, तर पोरं ताप लपवतात आणि गोळी खाऊन परीक्षेला बसतात. विलगीकरणाच्या खोलीत जेवण, मोबाइलला रेंज आणि बुडालेल्या परीक्षेची पुन्हा संधी, एवढं असलं तर लपवण्याचं कारण उरत नाही.

साध्या साधनाची ताकद या जिल्ह्याला नवी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखायला निरक्षर दाईंच्या हाती श्वासमापक दिला होता. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, तान्ह्यांसाठी एक आणि मोठ्या बाळांसाठी दुसरी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. गडचिरोलीतल्या या कामाने बालमृत्यू घटल्याचा अहवाल 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दहापर्यंत मोजता येणारी दाई जे करू शकते, ते बी.एस्सी.च्या मुलामुलींना ऑक्सिमीटर घेऊन नक्कीच जमेल. बोटावरचा आकडा 94 च्या खाली घसरला, की थेट दवाखाना.

सिकलसेलचं भानही हवंच. या पट्ट्यात तो आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. कोरोनात अशा रुग्णांना धोका जास्त आणि मलेरियाही त्यांना जड जातो. वाहकाला गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, प्रत्यक्ष रुग्णाला नाही. कोण वाहक, कोण रुग्ण हे प्रवेशाच्या वेळीच, चारचौघांत न विचारता, नोंदवून ठेवलं तर साथीत आधी कुणाकडे धावायचं ते कळेल.

या कशालाही मोठा निधी लागत नाही. प्राचार्यांनी नव्या सत्राआधी वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीची खिडकी उघडते का, ते स्वतः जाऊन बघावं.