गजकर्ण गोलच का असतं?

पावसाळा सुरू झाला की ओले बूट, दमट मोजे आणि न वाळलेले युनिफॉर्म घरोघरी दोरीवर लटकू लागतात. अशातच एक दिवस हातावर, मानेवर नाहीतर पोटावर लालसर ठिपका दिसतो. तो खाजतो, हळूहळू पसरतो आणि काही दिवसांत त्याचं गोल कडं तयार होतं. आजी लांबूनच बघून सांगते, "गजकर्ण झालंय गं. नख लावू नकोस!" कुणी त्याला नायटा म्हणतं, कुणी दाद.

दोस्तांनो, हे कडं तुम्ही कधी नीट निरखून पाहिलंय? त्याला हात न लावता फक्त उजेडात बघायचं, बरं का! कड लाल आणि किंचित उंच असते. तिच्यावर बारीक पुटकुळ्या असतात, कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतात. आणि मधली त्वचा? ती मात्र जवळजवळ नेहमीसारखी! असं का बरं?

याचं उत्तर आहे बुरशी. शिळ्या भाकरीवर येते तिचीच ही दूरची नातलग. साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांनी ती वाढते. तिचं खाणं ठरलेलं असतं, ते म्हणजे केराटिन. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, केस आणि नखं या प्रथिनाची बनलेली असतात. गायीची शिंगं, घोड्याचे खूर आणि पक्ष्यांची पिसंही केराटिनचीच. गंमत म्हणजे त्वचेचा हा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. बुरशी तेवढाच खाते आणि सहसा खोल शिरत नाही.

एका ठिकाणी पडलेला बुरशीचा कण चारी दिशांना सारख्याच वेगाने धागे पसरतो, म्हणून आकार गोल होतो. तेवढ्यात आपली प्रतिकारशक्ती जागी होते आणि मधली बुरशी हटवू लागते. उन्हाळ्यात डोंगरावर लागलेला वणवा आठवा. मधलं गवत विझलेलं असतं, पण कडेला जाळ पुढे पुढे सरकत असतो. गजकर्णाचंही तसंच. खरी बुरशी असते ती कडेला. म्हणून डॉक्टर सांगतात, मलम फक्त मध्ये लावू नका. कडेवर लावा आणि तिच्या बाहेरच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवरही थोडं लावा.

हीच बुरशी पायाच्या बोटांच्या बेचक्यात शिरली तर कडं दिसत नाही. तिथली कातडी पांढरी, ओलसर होते, चिरते आणि झोंबते. भातलावणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात उभं राहणाऱ्यांना हा त्रास ठाऊक असतो. याच चिखल्या! डोक्यात शिरली तर तिथले केस तुटून टक्कल पडल्यासारखा चट्टा दिसतो. हा डोक्याचा प्रकार मोठ्यांपेक्षा लहान मुलांनाच जास्त होतो.

बुरशीमुळे माणसाला आजार होतो, हे शोधलं कुणी? १८४१ साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी नावाचे डॉक्टर डोक्याच्या एका चिवट त्वचारोगाचा अभ्यास करत होते. रुग्णाच्या डोक्यावरच्या खपल्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि त्यांना बुरशी दिसली! रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूमुळे अँथ्रॅक्स होतो हे दाखवलं ते १८७६ साली, म्हणजे त्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी.

आजही डॉक्टर अशीच तपासणी करतात. कडेवरचा थोडासा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेच्या पेशी विरघळू लागतात, पण बुरशीचे धागे टिकून राहतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की लांबच लांब, फांद्या फुटलेले धागे दिसतात. चोर रंगेहाथ सापडला!

आता औषधाकडे वळू. बुरशी मारणं अवघड असतं, कारण ती वनस्पती नाही आणि जिवाणूही नाही. सजीवांच्या वंशवृक्षात ती झाडांपेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, जास्त जवळची आहे. मग तिला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही, असं औषध आणायचं कुठून? शास्त्रज्ञांना एक फरक सापडला. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, तर बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. क्लोट्रिमाझोल आणि टर्बिनाफिन ही औषधं बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवूच देत नाहीत.

ग्रिझिओफुल्विनची तऱ्हा आणखी मजेदार आहे. १९३९ साली हे औषध चक्क एका बुरशीतूनच मिळालं! त्याची गोळी घेतली की औषध नव्याने तयार होणाऱ्या त्वचेत आणि केसांत जाऊन बसतं. नव्या केराटिनमध्ये मग बुरशीला वाढता येत नाही आणि तिने व्यापलेला जुना भाग हळूहळू गळून पडतो. म्हणूनच या उपचाराला वेळ लागतो. डोक्यातल्या गजकर्णासाठी तर कित्येक आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, नुसत्या मलमाने तिथे भागत नाही.

या शोधांत आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीचाही वाटा आहे. तिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढे हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ते गजकर्णापेक्षा कँडिडासारख्या बुरशींसाठी उपयोगी पडलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात गेलं की नाही!

पण आता एक काळजीची गोष्ट. खाज सुटली की बरेच जण दुकानातून मनानेच एखादी ट्यूब आणतात. अशा कितीतरी मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज आणि लाली झटकन कमी होते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही मंदावते. बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि तिचं ओळखीचं कडंही पुसट होतं. मग डॉक्टरांनाही ती ओळखणं कठीण जातं. भारतात आज ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची एक बुरशी खूप आढळते. तिच्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिनचा परिणामच होत नाही. तेव्हा औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच आणि सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं. खाज थांबली म्हणजे बुरशी गेली, असं मुळीच नाही.

गजकर्ण होऊच नये म्हणून काय करायचं? बुरशीला ओल आवडते, तेव्हा तिला ओल मिळू द्यायची नाही.

• आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या, काखा आणि जांघा कोरड्या करा.
• मोजे रोज धुतलेले घाला. बूट ओले असतील तर पूर्ण वाळू द्या.
• कपडे सुती आणि सैल असू द्या. अर्धवट वाळलेला युनिफॉर्म अंगावर चढवू नका.
• टॉवेल, कंगवा, टोपी, मोजे ज्याचे त्यानेच वापरावेत. बुरशीचे बीजाणू त्यांवर महिनोन् महिने टिकतात.
• मांजराच्या पिल्लाचे किंवा वासराचे केस गोल चट्ट्यांत गळत असतील, तर त्याला पशुवैद्यांकडे न्यायला घरच्यांना सांगा. त्याला हात लावला तर साबणाने धुवा.

आणि हो, वर्गात कुणाला गजकर्ण झालं तर त्याला चिडवू नका, वाळीत टाकू नका. तो काही घाणेरडा नसतो. ही बुरशी कुणालाही गाठू शकते आणि योग्य औषधाने बरीही होते. तुमच्या अंगावर असं कडं दिसलं तर लाजून लपवू नका. त्याच दिवशी आईबाबांना दाखवा आणि डॉक्टरांकडे जा.