कावीळ आणि मूत्रपिंड : वेळीच ओळखावयाचा धोका

पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर येतो, विहिरींत गढूळ पाणी उतरते आणि कावीळ पसरण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. वर्धा नदीच्या काठी वसलेल्या देवळी तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात या काळात विशेष दक्षता आवश्यक असते. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मुख्यत्वे ‘अ’ आणि ‘ई’ या विषाणूंमुळे होते. बहुसंख्य रुग्ण विश्रांती व योग्य आहाराने काही आठवड्यांत बरे होतात. तथापि, थोड्या रुग्णांच्या बाबतीत यकृताबरोबर मूत्रपिंडावरही आघात होतो आणि साधा वाटणारा आजार जिवावर बेततो.

मूत्रपिंडावर परिणाम कसा होतो?

याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण साधे, पण महत्त्वाचे. सतत उलट्या होऊन अन्नपाणी पोटात न राहिल्यास शरीर कोरडे पडते आणि मूत्रपिंडास होणारा रक्तपुरवठा घटतो. ही स्थिती लांबल्यास मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा पोचते. दुसरे कारण म्हणजे रक्तात पित्तरंजकाचे प्रमाण फार वाढणे. त्याचाही या नलिकांवर विपरीत परिणाम होतो. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशींत ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मतः कमतरता असते. अशांना कावीळ झाल्यास तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंड बंद पडण्याचा संभव वाढतो. यकृतच अकस्मात निकामी झाले, तर मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मुळात निरोगी असलेले मूत्रपिंडही काम थांबविते.

रंगाबरोबर प्रमाणही पाहावे

काविळीत लघवी पिवळी झाली, याकडे घरातील मंडळींचे लक्ष जाते; ती किती होते, याकडे मात्र जात नाही. प्रौढ रुग्णास दिवसभरात सुमारे ४०० मिलिलिटरहून कमी लघवी होणे, चेहऱ्यावर वा पायांवर सूज येणे, दम लागणे, उलट्या न थांबणे, गुंगी येणे वा असंबद्ध बोलणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात हलवावे. गर्भवती स्त्रीस ‘ई’ कावीळ अत्यंत घातक ठरू शकते. म्हणून तिच्या बाबतीत पहिल्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गळ्यात काविळीची माळ घालून किंवा अनोळखी जडीबुटी घेऊन वाट पाहण्यात मोलाचे दिवस निघून जातात. काही जडीबुटी यकृतास व मूत्रपिंडास अपायकारकही असतात. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. शिवाय ताप, कावीळ आणि कमी लघवी ही लक्षणे लेप्टोस्पायरोसिस व मेंदूच्या हिवतापातही दिसतात आणि त्यांवरील उपचार वेगळे असतात. म्हणूनच रक्त व लघवीची तपासणी अपरिहार्य ठरते.

उपचाराची सोय

देवळीकरांना वर्धा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील रुग्णालय जवळ आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये ग्रामीण आरोग्यसेवेचे उद्दिष्ट ठेवूनच स्थापन झाले. दरिद्री रुग्णांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायालिसिस मिळावे, यासाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नलिकांना झालेली इजा बहुधा भरून येणारी असते. रुग्ण वेळेवर पोचल्यास काही दिवसांच्या डायालिसिसनंतर मूत्रपिंड पूर्ववत काम करू शकते.

प्रतिबंध : गावाची जबाबदारी

१९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतून घेतल्या जाणाऱ्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी पाण्यातील क्लोरीन वाढविण्यात आले होते. तरीही विषाणू नळांपर्यंत पोचला. पाण्यात घाण शिरल्यानंतर केवळ औषध टाकणे पुरेसे नसते, हा त्यातील धडा होय.

यास्तव ग्रामपंचायतीने गळक्या जलवाहिन्या व गटारालगतचे नळ प्रथम दुरुस्त करावेत, टाक्या धुवाव्यात आणि टीसीएल पावडर टाकल्यावर ओ.टी. चाचणी नियमित घ्यावी. साथीच्या काळात पाणी उकळून पिण्याचा प्रचार करावा. शिक्षकांनी शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी. एकाच वस्तीत काविळीचे दोन-तीन रुग्ण आढळताच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. गावाने पाणी जपले आणि घराने रुग्णाच्या लघवीवर लक्ष ठेवले, तर काविळीपायी जाणारे अनेक जीव वाचविता येतील.